वेताळाला आवाज कुणी दिला?

सात इंचांची एक तबकडी आणि तिच्याच पाकिटात टाचलेलं वीस पानांचं रंगीत कॉमिक. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या नेवार्क शहरात पीटर पॅन रेकॉर्ड्स नावाची कंपनी होती. तिने १९७०च्या दशकाच्या मध्यावर ‘पॉवर रेकॉर्ड्स’ ह्या नावाखाली असे संच काढले. स्पायडरमॅन, हल्क, कॅप्टन अमेरिका, मागाहून सुपरमॅन आणि बॅटमॅन. तबकडी मिनिटाला ४५ फेरे घ्यायची. कॉमिकच्या फुग्यांतली वाक्यं नट बोलून दाखवायचे, मागे ठोसे, किंकाळ्या, घरघर आणि संगीत. मूल पुस्तक मांडीवर उघडून बसायचं आणि डोळे नि कान एकाच चालीने गोष्टीतून पुढे सरकायचे. त्या पिढीतली माणसं आज साठीच्या आसपास आहेत आणि लहानपणी हरवलेले हे संच जुन्या बाजारातून हुडकून पुन्हा विकत घेतात.

ह्या वस्तूचं कूळ त्याहून थोडं जुनं आहे. १९४६ साली कॅपिटॉल कंपनीने बोझो नावाच्या विदूषकाची सर्कसची गोष्ट तबकड्या आणि पुस्तक अशी एकत्र आणली. बोझोची शिट्टी वाजली की मुलाने पान उलटायचं. डिस्नेच्या संचांत १९६०च्या दशकात शिट्टीची जागा टिंकर बेल परीच्या घंटीने घेतली. अक्षरओळख नसलेल्या मुलालाही त्यामुळे पुस्तक ‘वाचता’ येऊ लागलं. सुपरमॅनची हकीकत तर आणखी बोलकी आहे. तो १९३८ साली कागदावर जन्मला, १९४० साली रेडिओवर गेला, आणि ज्याच्यापुढे त्याची ताकद गळून पडते तो क्रिप्टोनाइट हा दगड आधी रेडिओवर आला, १९४३ साली. कॉमिकने तो नंतर उचलला. आवाज चित्रकथेत स्वतःची भर घालतो, हे त्यावरून कळतं.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या कुठल्याही दुकानात मी असला संच पाहिलेला नाही. आमच्या पिढीला कॉमिक आणि तबकडी एका पाकिटात कधी मिळाली नाही. पण ह्या तिन्ही गावांत १९६५ ते १९८५ च्या दरम्यान वाढलेल्या कुणालाही लहानपणाबद्दल विचारा. तो इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाबद्दल बोलेल आणि त्याच दमात शेजारच्यांच्या घरातल्या रेकॉर्ड प्लेअरबद्दलही बोलेल. चित्र एका घरातून आलं, आवाज दुसऱ्या घरातून आला आणि दोघांची गाठ मुलांनी घालून दिली. आमच्याकडच्या संचाची कुळकथा ही अशी दोन घराण्यांची आहे.

पहिलं घराणं खूप मागे जातं. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळच्या जवळ पिंगुळी गाव आहे. तिथल्या ठाकर समाजात चित्रकथीची परंपरा पिढ्यान् पिढ्या चालत आली. रामायण-महाभारतातल्या आख्यानांची चित्रं हातकागदावर रंगवायची, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची आणि एकेका आख्यानाची पोथी बांधायची. सूत्रधार बसून त्यातलं एक चित्र प्रेक्षकांसमोर उभं धरतो. मग तो गातो, निवेदन करतो, राक्षसाचं बोलणं राक्षसाच्या आवाजात आणि सीतेचं सीतेच्या आवाजात म्हणतो. सोबतीला वीणा, टाळ, हुडुक. प्रसंग संपला की ते चित्र फिरतं आणि पुढचं येतं. सावंतवाडीच्या संस्थानाने ह्या कलेला आश्रय दिला होता. पिंगुळीतल्या परशुराम गंगावणे ह्यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय उभं करून ही चित्रं जपली आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

चित्रांचा क्रम, प्रत्येक चित्राचा ठरलेला आवाज आणि पुढचं चित्र कधी येणार ह्याची गाण्यातच असलेली खूण. बोझोच्या संचात जे जे होतं ते सगळं पिंगुळीच्या पोथीत आधीपासून आहे. ह्यातून अमेरिकनांनी ही कल्पना आपल्याकडून घेतली असं कुणी समजू नये. तसा काहीच संबंध नाही. मला म्हणायचं आहे ते इतकंच की आमच्या मुलांना ही गोष्ट परकी नव्हती. ठाणे-डोंबिवलीतली बरीच चाळकरी कुटुंबं कोकणातून आलेली. मे महिन्यात गावी जाणाऱ्या मुलाने दशावतार पाहिलेला असायचा, देवळात कीर्तन ऐकलेलं असायचं. समोर रूप दिसतंय आणि कुणीतरी मोठ्याने त्याची कथा सांगतंय, ही सवय त्याच्या अंगात होती.

आता कागदाकडे येऊ. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक काढला. किंमत ६० पैसे. नायक होता ली फॉकचा फँटम, जो अमेरिकन वर्तमानपत्रांत १७ फेब्रुवारी १९३६ पासून रोज छापून येत होता. पहिल्या अंकाची गोष्ट त्याच्या पट्ट्याची होती. सुरुवातीचे ३२ अंक एकट्या फँटमचे. त्यानंतर ली फॉकचाच जादूगार मँड्रेक, अलेक्स रेमंडचा फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी वगैरे मंडळी आलटून पालटून येऊ लागली. १९७६ साली आबिद सुरती ह्यांचा बहादूर आला. भगवा कुर्ता आणि जीन्स घालणारा हा गडी डाकूंशी लढायचा, आणि त्याची चित्रं गोविंद ब्राह्मणिया काढायचे. ह्या मालिकेच्या उभारणीत अनंत पै ह्यांचा हात होता. पुढे १९६७ साली टाइम्स सोडून त्यांनी इंडिया बुक हाउसच्या साथीने अमर चित्र कथा सुरू केली, पण ती गोष्ट थोड्या वेळाने.

मराठीत फँटमचा वेताळ झाला. हा नायक ‘चालतं भूत’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या वंशात चारशे वर्षं बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो, म्हणून जंगलातल्या लोकांना तो अमर वाटतो. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबाचं, म्हणजे वेताळाचंच, देऊळ आहे. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. वेंगुर्ल्याकडच्या मुलाला कवटीच्या गुहेत राहणाऱ्या ह्या पाहुण्याची ओळख वेगळी करून द्यावी लागली नाही. रात्री फिरणारा, वाईटाला धडा शिकवणारा, कुणाला न दिसणारा राखणदार त्याच्या गावात होताच. इतक्या सहजी हा परदेशी नायक मराठी घरांत रुळला त्याचं मला तरी हेच कारण दिसतं. भाषांतर करणाऱ्या आणि करवून घेणाऱ्या मंडळींनी आणखीही शहाणपण दाखवलं. मूळ कथेतला बंगाला देश भारतीय आवृत्तीत डेंकाली झाला, आणि चाच्यांच्या टोळीचं ‘सिंग’ हे नाव ‘सिंगा’ झालं, म्हणजे कुणाच्या भावना दुखवायला नकोत.

त्या मराठी पानाकडे जरा जवळून पाहा. मूळ गोष्ट अमेरिकेतल्या रोजच्या वर्तमानपत्राच्या आडव्या पट्टीसाठी काढलेली. इंद्रजालमध्ये तिच्या चौकटी कापून, हलवून उभ्या पानावर बसवलेल्या असायच्या. चौकटीतला फुगा इंग्रजी अक्षरांच्या मापाचा. इंग्रजी मोठी अक्षरं एका उंचीची असतात, ओळीवर ओळ चिकटवली तरी चालते. देवनागरीला डोक्यावर मात्रा, वेलांटी आणि रफार, पायाखाली उकार आणि रकार. तिला ओळीच्या वर आणि खाली जागा लागते. मग त्याच फुग्यात वाक्य मावायचं तर ते छोटंच असायला हवं. म्हणून वेताळाचं मराठी तुटक, ठाम आणि कमी शब्दांचं झालं. ह्यामुळे ते मोठ्याने म्हणायला फार चांगलं निघालं. आमच्याकडच्या मुलांनी वेताळाला जो खर्जातला, धीम्या चालीचा आवाज दिला, त्यात ह्या अपुऱ्या जागेचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

हे अंक उपनगरात पोचत कसे? टाइम्सची इमारत बोरीबंदर स्टेशनच्या अगदी समोर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी निघाली ती ठाण्याला गेली, आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. शंभरएक वर्षांनी त्याच रुळांवरून कारकुनी करणारे हजारो बाप संध्याकाळी परतत होते. फलाटावरच्या व्हीलरच्या स्टॉलवर वर्तमानपत्रांच्या दोरीला चिमट्याने अडकवलेले अंक असायचे. पगाराच्या आठवड्यात त्यातला एखादा डब्याच्या पिशवीतून घरी यायचा. बाकीचे आठवडे वाचनालयांचे.

वाचनालयांच्या बाबतीत हा पट्टा श्रीमंत आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, म्हणजे इंद्रजालचा पहिला अंक निघाला तेव्हा त्याची शंभरी भरली होती. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणाऱ्या वि. ल. भावे ह्यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं. ह्या मोठ्या संस्थांच्या जोडीला गल्लीबोळांत खाजगी सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या होत्या. एका गाळ्यात, जिन्याखाली, कधी बिऱ्हाडाच्या पुढच्या खोलीत. तिथे अंक दिवसाच्या भाड्याने मिळायचा. पाठीला खाकी कागद लावलेला, कडेला जाड दोऱ्याने शिवलेला, आणि शेवटची दोन पानं गहाळ झाली असतील तर मालक आधीच सांगून टाकायचे.

भाड्याच्या अंकाला वेळेची मर्यादा असते, आणि इथे आमच्या संचाचा आवाज सुरू होतो. उद्या सकाळी अंक परत द्यायचा आहे आणि घरात वाचणारी चार मुलं आहेत. प्रत्येकाने वेगळा वाचायला वेळ नाही. मग एकाने मोठ्याने वाचायचं. डोंबिवलीत आमच्या चाळीच्या सामाईक गॅलरीत हे काम एका दादाकडे असायचं. तो भिंतीला पाठ लावून बसायचा, अंक गुडघ्यांवर उघडा, दोन्ही बाजूंनी दोन-दोन डोकी. वेताळ बोलला की त्याचा आवाज खाली उतरायचा, वेताळाची डायना बोलली की थोडा मऊ व्हायचा, खलनायक कोणीही असो, नाकातून बोलायचा. घोड्याच्या टापा तो जिभेने टाळूवर काढायचा. आणि उजव्या पानावरची शेवटची चौकट संपली की फक्त एवढंच म्हणायचा: “पान.” मग उजवीकडचा कुणीतरी पान उलटायचा. पान उलटायचा मान कुणाचा ह्यावरून भांडणं व्हायची. कॅपिटॉल कंपनीने बोझोच्या शिट्टीत जे बसवलं होतं ते आमच्या दादाने एका शब्दात बसवलं होतं, आणि त्याला बोझोचं नावही ठाऊक नव्हतं.

दुसरं घराणं आवाजाचं. ठाण्याला मर्फी रेडिओचा कारखाना होता, त्यामुळे ओठांवर बोट ठेवलेलं ते मर्फीचं बाळ आमच्याकडच्या अनेक घरांना आपलंच वाटायचं. आकाशवाणी मुंबईवर मुलांचा ‘गंमत जंमत’ लागायचा. रेकॉर्ड प्लेअर मात्र सगळ्यांकडे नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे बहुतेक एचएमव्हीचा फिएस्टा: बॅगेसारखा मिटणारा, झाकण उघडलं की त्याच्यातच स्पीकर. त्याच्याभोवती घरच्या नियमांचा मोठा पहारा असे. तबकडीला कडांनीच धरायचं, सुई मुलांनी टेकवायची नाही, मखमलीच्या फडक्याने एकाच दिशेला पुसायचं. सुई एखाद्या ओरखड्यावर अडकून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लागली की काका उठून सुईच्या दांडीवर पाच पैशांचं नाणं ठेवत, आणि गाणं पुढे सरके.

मुलांसाठी त्यात काय होतं? बालगीतांच्या छोट्या तबकड्या होत्या. १९५३ सालच्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातलं आशाबाईंचं मोराचं गाणं, गदिमांचे शब्द आणि पुलंचं संगीत असलेलं, घरोघर पाठ होतं. पण ती गाणी वेताळाच्या वयाच्या पोरांना बाळबोध वाटू लागली होती. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला पराक्रम हवा असतो. त्याला तो मिळाला १९७४ साली.

ते शिवराज्याभिषेकाचं तीनशेवं वर्ष. त्या निमित्ताने ‘शिवकल्याण राजा’ ही ध्वनिमुद्रिका आली. संगीत हृदयनाथ मंगेशकर ह्यांचं, गायन लताबाईंचं, शब्द समर्थ रामदास आणि भूषण ह्यांच्यापासून सावरकर, कुसुमाग्रजांपर्यंतचे, आणि गाण्यांना जोडणारं निवेदन बाबासाहेब पुरंदरे ह्यांचं. तो निवेदनाचा भाग मुलांना गाण्यांइतकाच पाठ होता. बाबासाहेब प्रसंग डोळ्यांपुढे उभा करतात, आवाज चढवतात, एकदम थांबतात, आणि त्या थांबण्यानंतर गाणं उसळतं. अमेरिकेत स्पायडरमॅनची तबकडी निघाली त्याच सुमारास महाराष्ट्रात ही निघाली. दोन्ही ऐकणाऱ्या मुलांचं वय एकच होतं, आणि श्वास रोखून ऐकायची पद्धतही एकच होती.

चित्रं? ती होती. अनंत पैंच्या अमर चित्र कथेत पहिली दहा पुस्तकं परदेशी परीकथांची गेली. अकरावं ‘कृष्ण’, राम वाईरकरांनी काढलेलं, आणि तिथून ती मालिका भारतीय झाली. पैंनी ह्या वाटेला वळण्याचं कारण अनेकदा सांगितलं आहे: १९६७ साली दिल्लीत दूरदर्शनवरच्या प्रश्नमंजुषेत मुलांना ग्रीक पुराणातलं उत्तर आलं आणि रामाच्या आईचं नाव आलं नाही. थोड्याच वर्षांत ‘शिवाजी’ आलं, पुण्याच्या प्रताप मुळीक ह्यांच्या चित्रांचं. ह्या मालिकेची चित्रशाळा मोठ्या प्रमाणात मराठी हातांची होती: वाईरकर, मुळीक, दिलीप कदम. टिंकल मासिकातल्या शिकारी शंभूच्या डोळ्यांवर टोपी ओढणारे वसंत हळबेही त्यांच्यातलेच. मुळीकांनीच पुढे राज कॉमिक्सच्या नागराजला सुरुवातीचं रूप दिलं. म्हणजे शिवरायांच्या घोडदौडीची चित्रं काढणारा हात आणि अंगातून साप सोडणाऱ्या नायकाची चित्रं काढणारा हात एकच. ह्या माणसांची नावं आमच्या लहानपणी आम्हाला माहीत नव्हती, ह्याचं मला आज वाईट वाटतं. पुस्तकाच्या आतल्या पानावर ती छापलेली असायची, पण गोष्टीच्या ओढीने ते पान कुणी वाचत नसे.

तर चित्र इंडिया बुक हाउसचं आणि आवाज एचएमव्हीचा. एका पाकिटात ते कधी विकले गेले नाहीत. आमच्याकडे ते एकत्र आले गणेशोत्सवात. मंडळाच्या मांडवावरच्या कर्ण्यातून ‘शिवकल्याण राजा’ लागायची, आणि मांडवात सतरंजीवर बसलेली मुलं मांडीवर ‘शिवाजी’ उघडून गाण्याच्या प्रसंगाचं पान शोधायची. क्रम जुळायचा नाही. सात वीरांच्या धावेचं गाणं लागलं की पानं भराभर उलटून शोधाशोध व्हायची, आणि तो प्रसंग त्या पुस्तकात सापडला नाही की कुणीतरी कागद घेऊन स्वतःच सात घोडे काढायला बसायचा. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या शेजारी बसून काढलेले ते सात घोडे मी पाहिले आहेत. त्यांतला एक पाच पायांचा होता.

कल्याणच्या मुलांना ह्यात आणखी एक भाग्य होतं. १६५७ साली शिवरायांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि कल्याणच्या खाडीकाठी दुर्गाडीला किल्ला बांधून आरमाराची सुरुवात केली. तबकडीवरचा आणि पुस्तकातला नायक ज्या जागी उभा राहिला तिथे नवरात्रात ही मुलं दुर्गादेवीच्या जत्रेला जायची. पॉवर रेकॉर्ड्सच्या कुठल्याच संचात असं ठिकाण मिळत नाही.

१९८०च्या दशकात कॅसेट आली आणि पहिल्यांदाच मुलांच्या हातात नुसतं ऐकायचं नव्हे, ध्वनिमुद्रण करायचंही साधन पडलं. आखातात नोकरीला गेलेल्यांकडून टू-इन-वन येऊ लागले, टी-सिरीजमुळे कोऱ्या आणि भरलेल्या कॅसेट स्वस्त झाल्या. आमच्या चाळीत एका दुपारी वेताळाचा एक अख्खा अंक कॅसेटवर घेतला गेला. दादा तोपर्यंत कॉलेजात गेला होता, पण वेताळ त्यानेच म्हटला. डायनाला खरी मुलगी मिळाली, तिसऱ्या खोलीतली. टापांसाठी नारळाच्या दोन करवंट्या फरशीवर, पावसासाठी सुपात तांदूळ, बंदुकीसाठी वहीवर आपटलेली फूटपट्टी. आणि पान उलटायच्या खुणेसाठी स्टीलच्या वाटीवर चमचा. खालून भाजीवाल्याची आरोळी आली ती तशीच राहिली आणि डेंकालीच्या जंगलात कायमची घुसली. त्या कॅसेटची दुसरी बाजू कोरी होती. तिच्यावर नंतर कुणाच्या तरी बारशाची गाणी भरली गेली.

अशा कॅसेट ह्या पट्ट्यात आणखीही घरांत झाल्या असणार. आमच्या चाळीतल्या पोरांना काही वेगळं सुचलं असेल असं मी मानत नाही. साधन मिळाल्याबरोबर मुलांनी तेच केलं जे पिंगुळीचा सूत्रधार करत होता आणि नेवार्कची कंपनी करत होती. म्हणून मला ठामपणे म्हणावंसं वाटतं की कॉमिक आणि तबकडीचा संच ही कुठल्या एका कंपनीची युक्ती नाही. चित्र हातात आलं की मुलाला त्याचा आवाज हवा असतो, आणि विकत मिळाला नाही तर मूल तो स्वतः काढतं.

शेवट लवकर झाला. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं, १९८७च्या जानेवारीपासून रविवार सकाळ ‘रामायण’ने ताब्यात घेतली, मग ही-मॅन आणि स्पायडरमॅन पडद्यावरच बोलू लागले. चित्र आणि आवाज एका पेटीत तयार मिळाल्यावर गॅलरीतलं वाचन थांबलं. एव्हाना साप्ताहिक झालेलं इंद्रजाल कॉमिक्स आठशेच्या आसपास अंकांनंतर १९९० साली बंद पडलं. गल्लीतल्या लायब्रऱ्यांतल्या बऱ्याच मिटल्या, काही व्हिडिओ कॅसेट भाड्याने देऊ लागल्या. ह्या काळातही १९८६ साली डोंबिवलीत पै ह्यांची (हे अनंत पै नव्हेत) फ्रेंड्स लायब्ररी उभी राहिली आणि वाढली, आणि वाचकांनी जुनी पुस्तकं आणून दुसरी न्यावीत असा आदानप्रदानाचा सोहळा तिने भरवला, हे इथे सांगायलाच हवं.

आज इंग्रजी इंद्रजाल शोधणारे संग्राहक देशभर आहेत, हिंदीचेही आहेत. मराठी अंकांची गत वाईट आहे. ते भाड्याने फिरले, शिवले गेले, फाटले आणि किलोवर रद्दीत गेले. मराठी आवृत्तीसाठी कुणी भाषांतर केलं, कुणी फुग्यांत अक्षरं लिहिली, ही माहिती त्या अंकांबरोबरच नाहीशी होते आहे. आणि ठाण्याच्या नौपाड्यापासून डोंबिवलीपर्यंत जुन्या इमारती आता पुनर्विकासाला लागल्या आहेत. माळे रिकामे होत आहेत. सामान हलवणाऱ्या टेंपोच्या आधी रद्दीवाला येतो.

तेव्हा ज्यांच्या माळ्यावर पत्र्याची ट्रंक आहे त्यांना माझी विनंती. रद्दीवाल्याला बोलवण्याआधी ती एकदा उघडा. इंद्रजालचा मराठी अंक सापडला, पानं गहाळ असली तरी, तर तो टाकू नका. तुमच्या गावच्या वाचनालयाला नेऊन द्या आणि तो कुणाचा, कुठल्या लायब्ररीतला, कधीचा हे एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. बिननावाची कॅसेट सापडली तर तिच्यावरून दुसरं काही भरण्याआधी दोन्ही बाजू ऐका आणि ती संगणकावर उतरवून घ्या. तीस-चाळीस वर्षांची फीत फार दिवस टिकत नाही. आणि घरात सात-आठ वर्षांचं मूल असेल तर अंक देऊन टाकण्याआधी एक दुपार त्याच्याशेजारी बसून तो मोठ्याने वाचा. वेताळाचा आवाज तुम्हीच काढा. पान त्याला उलटू द्या.